बोन कलर

अहिंसा हा परम धर्म आहे, आणि मनुष्यजातीला आजवर सुचलेल्या सगळ्या व्यवसायांत गिटारचे सुटे भाग विकणं हा एकच व्यवसाय संपूर्ण अहिंसक आहे. हे वाक्य माझं नाही. सांगलीत मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो त्या अण्णांचं आहे. खाली रस्त्याच्या बाजूला दुकान, मागे त्यांचं घर, वरच्या खोलीत मी. मी बँकेत नोकरीला, मूळचा साताऱ्याचा. त्यामुळे सांगलीकरांच्या हिशोबाने जरा शिष्ट. खोलीची किल्ली हातात देताना अण्णांनी हे वाक्य मला ऐकवलं आणि लगेच विचारलं, "साहेब, ढेकणाचं औषध मारणार न्हाई न्हवं?"

मी नाही म्हणालो. ढेकूण आहेत की नाहीत हे विचारायचं राहून गेलं. आहेत, हे त्या रात्री कळलं.

अण्णा जैन. सूर्यास्ताच्या आत जेवण, पाणी गाळून, कांदा-बटाटा वर्ज्य. असं पाळणारी माणसं सांगलीत पुष्कळ आहेत. अण्णांचं वेगळेपण असं की ते एवढ्यावर थांबत नसत. गॅस पेटवायच्या आधी त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, बर्नरवरून मऊ ब्रश फिरवत, आणि काकूंनी तो फिरवला की अण्णा पुन्हा एकदा फिरवत. दुकानाच्या पायरीवर मुंग्यांची रांग लागली तर गिऱ्हाइकाला बाजूने यायला सांगत. रांग मोठी असली तर उद्या.

घराण्याचा धंदा कापडाचा होता. भाऊ वेगळे झाले, दुकान थोरल्याकडे गेलं आणि चाळिशी उलटल्यावर अण्णांना नवा धंदा शोधावा लागला. पाणी गाळावं तसे त्यांनी धंदे गाळले. धान्यात किडे. रेशमात अळ्या. मधाचं नावच नको. सांगलीत हळदीशी संबंध नसलेला व्यापारी म्हणजे संशयाची बाब, पण हळद कंद पडते. मेहुण्याने कीटकनाशकांच्या एजन्सीत भागी देऊ केली तेव्हा अण्णा दोन वेळा जेवले नाहीत. मग वाद्यं. तबला-ढोलकीला चामडं. पेटीच्या भात्याला चामडं. तंबोऱ्याची चौकशी करायला ते स्वतः मिरजेला गेले आणि तारांखालची घोडी शिंगाची असते असं कळल्यावर पाणीही न पिता परतले. शेवटी कुणीतरी त्यांना गिटार दाखवली. लाकूड आणि तार.

"तारेला जीव नसतो, साहेब," ते मला सांगत. "पृथ्वीच्या पाठीवर तारेइतकी निष्पाप वस्तू न्हाई."

पण अण्णांनी इथेही खोलात जाऊन विचारलं की लाकूड लाकडाला चिकटतं कशाने? सरसाने, असं उत्तर आलं. आणि सरस म्हणजे जनावरांचं कातडं-हाड उकळून केलेली खळ. म्हणजे अख्खी गिटार बाद. राहिले सुटे भाग. सूर लावायच्या चाव्या, तारा, पट्टे (कापडी), आणि ते छोटे पांढरे तुकडे. सांगलीतलं एकमेव दुकान, जिथे गिटारचं सगळं मिळे आणि गिटार मिळत नसे, ते असं जन्माला आलं. नवखं गिऱ्हाईक विचारी, "काका, गिटार दाखवा की." अण्णा म्हणत, "ती बाहेरनं जोडून आणा. आम्ही जोडलेलं ठेवत न्हाई." त्या स्वरापुढे गिऱ्हाइकाला स्वतःचीच लाज वाटे.

धंदा बदलला तरी दुकानदारी कापडाचीच राहिली. पांढरी गादी, तिच्यावर मांडी घालून अण्णा. तारांचं पाकीट ते शर्टपीस उलगडावा तसं गादीवर टाकत, "अजून दाखवतो" म्हणत आणि गिऱ्हाईक पहिल्यावरच राजी असलं तरी आणखी चार टाकत. चाव्यांच्या सेटबद्दल "रंग जाणार न्हाई, आटणार न्हाई" अशी खात्री देत. कॉलेजच्या एका पोराला नवीन तारा सावलीत ठेवायला सांगताना मी स्वतः ऐकलं आहे. संगीताचं त्यांना वावडंच होतं. कुणी दुकानात गिटार तपासायला जोरात वाजवली की हात वर करत. "हळू. हवेत पण जीव असत्यात."

त्या पांढऱ्या तुकड्यांबद्दल सांगायला हवं, कारण या माणसाचं सगळं आयुष्य पुढे त्या तुकड्यांवर येऊन अडलं. गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी एक पट्टी असते. तिच्या खाचांत तारा बसतात. तिला नट म्हणतात. प्लॅस्टिकचे नट स्वस्त. त्याहून भारी एक प्रकार असतो, त्याचं नाव बोन. अण्णांकडे फक्त बोन. माल मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून पार्सलने येई. अण्णांनी पहिल्याच खेपेला पाकिटावरचं नाव वाचलं आणि त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. कारण कापडाच्या दुकानात त्यांनी जन्मभर हा शब्द विकला होता. क्रीम, बिस्कीट, फॉन, बोन. पांढऱ्यात थोडा पिवळा मारला की बोन कलर. सफारीला सगळ्यात जास्त खपणारा.

"प्लॅस्टिक नको वाटतं मला," ते म्हणत. "हा बोन कलरचा माल बघा. शेड किती शांत हाय."

हसू नये. बर्म्युडा घालून फिरणाऱ्याला ते बेट कुठे आहे असं कुणी विचारत नाही. तो शब्द मीही रोज जिना उतरताना ऐकत होतो आणि बँकेत जात होतो.

नट बसवायचं काम अण्णा स्वतः करत. कानशीने घासायचा, खाचेत बसवून बघायचा, काढायचा, पुन्हा घासायचा. दोन्ही हात तारेत गुंतले की नट ओठांत धरायचा. ही सवयही कापडाच्या दुकानाची. तिथला शिंपी टाचण्या अशाच धरी. पूड उडाली की जिभेने ओठ पुसत. काकू मधूनमधून चहा आणून ठेवत, त्यावर पांढरी साय धरल्यासारखी पूड बसे. अण्णा फुंकर घालून पीत. आधी चहात मुंगी नाही ना, हे नीट बघून.

त्या नटांचं नाव झालं. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतचे वाजवणारे येत. डोळे मिटून एकच तार छेडत आणि ज्या चेहऱ्याने लोक आंबा चाखतात त्या चेहऱ्याने म्हणत, "बोनची बातच वेगळी." इस्लामपूरला क्लास चालवणारे एक सर तर म्हणत, "अण्णा, तुमच्या नटानं आवाजात जीव येतो." अण्णा खूश होऊन शेडची तारीफ करत. दोघेही आपापल्या जागी समाधानी. अशा समाधानावर पुष्कळ संस्था चालतात.

दुकानाचं खरं काम मुलगी बघे. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत, अण्णा बाय म्हणत. लग्न होऊन ती वाईला गेली होती आणि वर्षाच्या आत परत आली. का, ते कुणी विचारलं नाही. फोनवर ऑर्डर घेणं, पार्सल बांधणं, मोबाईलवर आलेले पैसे अण्णांना ओरडून सांगणं, सगळं तिच्याकडे. ते दुकान नसतं तर तिला दिवसभर काकूंच्या समोर बसावं लागलं असतं, आणि काकू काही न बोलता पुष्कळ विचारू शकत.

एका दुपारी कुंडलचे एक हवालदार आले. लष्कराच्या बँडमध्ये वाजवून निवृत्त झालेले, आता लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. मी तेव्हा दुकानातच पंख्याखाली बसलो होतो. अण्णांनी त्यांची गिटार मांडीवर घेतली, जुना नट काढला, नवा घासून ओठांत धरला आणि तारा सोडवायला लागले.

हवालदार सहज बोलले, "अण्णा, ह्ये कशाचं वो?"

"बोन," अण्णा ओठांच्या फटीतून म्हणाले.

"त्ये दिसतंय की. पर कशाचं? म्हशीचं का बैलाचं? आमच्या बँडमदी एकजण उंटाचं बशिवत हुता. लय टिकायचं."

अण्णांना आधी नीट अर्थ लागला नाही. "कलरचं नाव हाय ते. बोन कलर."

हवालदार मोकळं हसले. "आवं अण्णा, चेष्टा करता व्हय म्हाताऱ्याची? बोन म्हंजी हाड की! ह्ये," त्यांनी स्वतःच्या नडगीवर थाप मारली, "पायाचं असतंय. लय कडक."

ताई पलीकडे पार्सलला चिकटपट्टी लावत होती. खोकं कधीच बंद झालं होतं; पट्टी त्याच्याभोवती फिरतच राहिली.

अण्णांनी नट तोंडातून काढला. थुंकले नाहीत. गादीवर ठेवला आणि वर आपला रुमाल पसरला. मग मुलीकडे बघून म्हणाले, "बाय, हाड?"

"म्हशीचं असतंय, अण्णा."

"तुला कवापासनं ठाऊक?"

"पहिल्या पार्सलपासनं."

अण्णा उठून मागे गेले. ते आंघोळीलासुद्धा पाणी मोजून घेत. पाण्याच्या थेंबात किती जीव असतात ते त्यांना पाठ होतं. आता मागचा नळ सुरू झाला आणि सुरूच राहिला. हवालदारांचा चेहरा पडला. ते हळूच ताईला म्हणाले, "मी काय वंगाळ बोललो का?" आणि जरा थांबून, "मग माजी गिटार?"

ताई मला नंतर म्हणाली, "दहावीत होते मी. एवढं इंग्लिश येत होतं. म्हटलं, सांगितलं तर हा पण धंदा बंद. मग अण्णांनी काय विकायचं? हवा? तिच्यात पण जीव हायेत."

अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मुलीला एक शब्द लावला नाही. तिच्याशी बोलायचेच थांबले. कपाटातले उरलेले सगळे नट बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात भरले, डबा पांढऱ्या कापडात बांधून फळीवर वेगळा ठेवला. रोज सकाळी दुकान उघडलं की त्याच्यापुढे हात जोडून उभे राहत. "कुणाची तरी हाडं हायेत, साहेब. वळख नसली म्हणून काय झालं?"

जवळच्या गावी एका मुनी महाराजांचा चातुर्मास चालू होता. अण्णा मला घेऊन गेले. महाराजांनी शांतपणे ऐकून घेतलं. अजाणता घडलेलं आहे, म्हणाले. जप करा, थोडे उपवास करा, मन निर्मळ ठेवा. परतताना एसटीत अण्णा खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "एवढंच?"

"महाराजांनी सांगितलं ना."

"त्यांना नीट कळलं नसंल. मी विकत होतो एवढंच त्यांना वाटलं. साहेब, मी चाटत होतो."

शिक्षा कमी झाली म्हणून हताश झालेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. बँकेत उलटी माणसं भेटतात.

ती शिक्षा त्यांनी मग स्वतःच वाढवत नेली. दूध सुटलं. "तिचं दूध कुठल्या तोंडानं पिऊ?" मग दही, तूप, ताक. मग चहा. काकू एकदाच बोलल्या, "इतकी वर्षं पोटात गेलं ते आता चहा सोडून भाईर येणार हाय व्हय?" अण्णा ताटावरून उठले. त्यानंतर काकूही बोलल्या नाहीत. खालच्या घरात तीन माणसं आणि एक डबा. डब्याचा आवाज त्यातल्या त्यात जास्त.

दुकानात प्लॅस्टिकचा माल आला. त्याच व्यापाऱ्याकडून, तसल्याच पाकिटातून. दिसायलाही फार वेगळा नव्हता. पण इस्लामपूरचे सर आले, डोळे मिटून तार छेडली आणि मान हलवून म्हणाले, "नाही अण्णा. आवाजातला जीव गेला."

"होता ना," अण्णा म्हणाले. "म्हशीचा."

सर परत आले नाहीत. हळूहळू कुणीच येईनासं झालं. बोन मिळत नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकं दारातूनच वळत. ताई तरीही रोज सकाळी गादीची चादर झटकून, तीत काही जिवंत नाही ना ते बघून, परत घालत असे.

पर्युषण संपल्यावर जैन लोक एकमेकांची क्षमा मागतात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणायचं, समोरच्याने तसंच म्हणायचं, की फिटलं. त्या दिवशी ताई अण्णांसमोर येऊन उभी राहिली. हात जोडून म्हणाली, "उत्तम क्षमा, अण्णा."

अण्णांचे हात जोडले गेले. ओठ हलले. मग ते मला म्हणाले, कारण तिच्याशी ते बोलत नव्हते, "तिला म्हणावं, आधी मला होऊ दे. मलाच झाली न्हाई तर मी तिला कुठनं देऊ?"

आणि खरोखर पूल ओलांडून ते सांगलीवाडीला एका गोठ्यावर गेले. मी बरोबर होतो. त्यांना एकटं सोडायचा धीर झाला नाही. पहिल्याच दावणीला एक भली मोठी म्हैस उभी होती. अण्णांनी चप्पल काढली, शेणात अनवाणी उभं राहून हात जोडले आणि डोळे मिटून म्हणाले, "उत्तम क्षमा."

म्हैस रवंथ करत होती. गवळी बादली खाली ठेवून बघायला लागला. "आण्णा, ती गुजरातची हाय. तिला मराठी कळत न्हाई."

अण्णांनी पुन्हा हात जोडले आणि हिंदीत म्हणाले. म्हशीने शेपूट फिरवून एक माशी उडवली. अण्णा बराच वेळ थांबले. उत्तर येईल अशी त्यांना आशा होती असं मी म्हणणार नाही. पण ते थांबले एवढं खरं.

परत आल्यावर ताई दारात होती. माझ्याकडे बघून तिने भुवया उंचावल्या. मी नकाराची मान हलवली. ती आत गेली.

पुढे माझी साताऱ्याला बदली झाली. अधूनमधून सांगलीला गेलो की खाली डोकावत असे. दर वेळी अण्णा थोडे कमी झालेले असत. धोतर तेच, आत माणूस कमी. शेवटच्या भेटीत त्यांनी मला जवळ बसवलं आणि फळीकडे बोट केलं.

"माझ्यानंतर त्येला अग्नी द्या. माझ्या हातनं न्हाई झालं. जाळात किडामुंगी जाती."

"देऊ."

"बायनं द्यावा. तिच्या हातनं झालं की..." ते थांबले. दम लागला होता. "की फिटलं म्हणावं. म्हशीचं, तिचं, माझं."

मी म्हणालो, "ती आतच आहे. तुम्हीच सांगा की."

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. ओठ हलले. मग म्हणाले, "तुमी सांगा."

त्या पावसाळ्यात अण्णा गेले. डॉक्टरांनी डेंग्यू म्हणून सांगितलं. घरात डास मारत नसत.

अण्णांचा निरोप मी ताईला सांगितला होताच. दुःखाचे दिवस संपल्यावर तिचा फोन आला. एका सकाळी आम्ही दोघं डबा घेऊन कृष्णेच्या काठी गेलो. सरपण ताईने एकेक काडी आपटून, उलटसुलट बघून रचलं. एका काडीतून किडा निघाला तेव्हा तो पानावर घेऊन लांब ठेवून आली. राख पाण्यात सोडायची नव्हती, पाण्यात जीव असतात. म्हणून झाडाखाली हातभर खड्डा आधीच काढून ठेवला होता. तिने सरपण पेटवलं, डब्याचं कापड सोडलं, झाकण काढून डबा जाळावर ठेवला आणि हात जोडले.

"उत्तम क्षमा, अण्णा," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "आणि म्हशीला पण."

हाडं कशी जळतात ते तिने हवालदारांना फोन करून विचारून घेतलं होतं. आधी काळी पडतात, मग पांढरी होतात, तडकतात. वेळ लागतो, घाई करू नका, ते म्हणाले होते. आम्ही दगडावर बसलो. घाई नव्हतीच.

थोड्या वेळाने वास आला. ताईने नाक उचललं.

"बादली जळल्यावाणी वास येतोय."

आम्ही वाकून बघितलं. डब्यातले नट तडकत नव्हते. कडेने मऊ होऊन एकमेकांवर लवंडत होते, मग ताणून तारा निघत होत्या, आणि खाली एक दाट पांढरं-पिवळं काहीतरी बुडबुडत होतं. अगदी शांत शेड. वर काळा धूर.

हाड वितळत नाही, एवढं आम्हा दोघांनाही माहीत होतं.

जाळ खाली बसला. डब्याच्या तळाशी बर्फीएवढी एक वडी थिजली. ताईने काडीने ती उपटून काढली, हातावर घेतली, उलटी करून बघितली.

"म्हशीचं कायच न्हवतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"मग फिटलं का न्हाई?"

झाडाखालचा खड्डा तिने पायाने माती ढकलून बुजवला, रिकामाच. मग वडी हातात धरून इकडेतिकडे बघू लागली.

घाटाच्या तोंडाशी पाटी होती. नदीकाठी प्लॅस्टिक टाकण्यास सक्त मनाई आहे. म्हणून ती आम्ही परत घेऊन आलो.